प्रमाणपत्र भिंतीवर, झुरळं फ्रीजच्या रबरात

सदाशिव पेठेतल्या एका उपाहारगृहाला अन्न व औषध प्रशासनाची सुधारणा नोटीस आली, तेव्हा गल्ल्यामागच्या भिंतीवर पेस्ट कंट्रोलचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. फवारणी दर महिन्याला होत होती. पैसे वेळेवर जात होते, पावत्या तारखेनुसार फायलीत होत्या. आणि तरीही तपासणीच्या दिवशी, भरदुपारी, भटारखान्यातले सगळे दिवे चालू असताना अधिकाऱ्यांनी फ्रीजचं दार उघडलं आणि रबराच्या घडीतून झुरळं बाहेर आली.

झुरळ हा रात्रीचा प्राणी. ते दिवसा उजेडात दिसलं, तर लपायच्या जागा भरून वाहू लागल्या आहेत असं समजावं.

मी हॉटेलांसाठी अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण आणि तपासणीचं काम करते. नोटीस आल्यावर मालकांनी बोलावलं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे कुणी कामचुकार नव्हतं. मालक अजूनही पहाटे स्वतः मंडईत जाऊन भाजी निवडतात. आचारीकाका हाताखालच्या पोरांना नखं दाखवायला लावतात. आणि तरी एका ग्राहकाच्या मटकीच्या उसळीत झुरळ निघालं. त्याने फोटो काढला, ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर तक्रार टाकली आणि त्यावरून तपासणी झाली. हॉटेलचं नाव मी देत नाही. मालकांनी सगळे कागद मोकळेपणाने दाखवले ते याच बोलीवर.

जागा पेठेतल्या अनेक जागांसारखीच. तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र केलेले. पुढे बसायची जागा, मागे भटारखाना, त्याच्यावर लाकडी पोटमाळा. पोटमाळ्याच्या एका बाजूला कोठी, दुसऱ्या बाजूला कामाच्या मुलांच्या वळकट्या. मागच्या दारातून बोळ, बोळात ड्रेनेजचं चेंबर. शेजारच्या गाळ्यात बेकरी मालाचं दुकान, मधे एकच भिंत. दिवस श्रावणातले होते. साबुदाणा खिचडीला सकाळपासून रांग, आणि गणपती तोंडावर.

नोटीस काय म्हणत होती

मालक हादरलेले होते. आता शटर खाली येणार आणि लाखोंचा दंड बसणार, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. म्हणून आधी कायदा समजावून सांगावा लागला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 32 खाली सुधारणा नोटीस निघते. काय चुकलं, काय करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ही मुदत 14 दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. मुदतीत काम झालं नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, तरीही सुधारणा झाली नाही तर रद्द होऊ शकतो. लोकांच्या जिवाला थेट धोका असेल तर तातडीच्या बंदीची तरतूद वेगळी आहे, कलम 34 ची. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कलम 56 खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, अन्नात बाह्य पदार्थ निघाला तर कलम 54 खालीही तेवढाच.

मला मात्र दंडापेक्षा तपासणी अहवाल महत्त्वाचा वाटला. अहवाल हाती आला की बहुतेक मालक तो वकिलाकडे किंवा सीएकडे पाठवतात. तो भटारखान्यात उभं राहून वाचायचा कागद आहे. या अधिकाऱ्यांनी मन लावून लिहिलं होतं. फ्रीजच्या रबरात जिवंत झुरळं आणि त्यांची विष्ठा. कोठीतल्या पोत्यांखाली फळ्या नाहीत, पोती भिंतीला टेकलेली. मागच्या दाराखाली फट. मोरीच्या तोंडावर जाळी नाही. पेस्ट कंट्रोलच्या नोंदीत औषधाचं नाव नाही. काही कामगारांचे वैद्यकीय दाखले संपलेले. परवान्याच्या नियमांना 2011 साली जोडलेली अनुसूची 4 ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे मुद्दे ओळखीचे वाटतील. भोकं, मोऱ्या, फटी बंद ठेवाव्यात किंवा त्यांना जाळी लावावी, माल जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून सुटा ठेवावा, कोणतं औषध कधी वापरलं याची नोंद ठेवावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या अनुसूचीत औषध मारण्याआधी झुरळाला घरात थारा न देण्याचा विचार आहे. प्रमाणपत्राच्या नादात आपण नेमका तोच विसरतो.

कुठलं झुरळ?

“मॅडम, पेठेतली गटारं बघा ना,” मालक म्हणाले. “झुरळं तिथूनच येणार. आम्ही आत कितीही औषध मारलं तरी काय उपयोग?”

पुण्यात हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्याच्यावर थोडं थांबून बोलायलाच हवं. तक्रारीसोबतच्या फोटोतलं झुरळ फिकट तपकिरी होतं, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर उभ्या रेघा होत्या. हे जर्मन झुरळ. गटारात राहतं ते अमेरिकन झुरळ: लालसर, साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब, पावसात चेंबर तुंबलं की मोरीतून वर येणारं. जर्मन झुरळ गटारात वस्ती करत नाही. त्याला ऊब, पाणी, अन्न आणि अंग दोन्ही बाजूंनी घासेल इतकी अरुंद फट लागते, आणि या चारही गोष्टी हातभर अंतरात असल्या तर ते तिथून हलत नाही. नव्या जागी ते येतं ते बहुधा सामानासोबत. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या पन्हाळीतून, गोणीच्या शिवणीतून, जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रीजमधून.

म्हणजे उसळीतलं झुरळ महापालिकेच्या गटारातून आलेलं नव्हतं. ते याच भटारखान्यात जन्मलेलं होतं. आणि पेस्ट कंट्रोलवाला मुलगा दर महिन्याला औषधाचा मोठा वाटा ओतत होता तो बोळातल्या चेंबरमध्ये.

ती भटारखान्यात नेमकी कुठे जन्मतात, हे भांडी घासणाऱ्या मावशींना ठाऊक होतं. पहाटे शटर उघडून पहिला दिवा त्याच लावतात. “ताई, मोरीपाशी नसतात ती,” त्या म्हणाल्या. “दिवा लावला की त्या वाटणाच्या मशिनीखालनं अन् टेबलाच्या पायातनं पळतात. मी सांगितलं होतं की.” त्यांनी सांगितलं होतं हे खरं. पण ऐकून कुठे लिहून ठेवायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

रात्री हॉटेल बंद झाल्यावर दिवे घालवून आम्ही तासभर पुढच्या बाजूला बसलो. मग टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून आत गेलो. झुरळांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती पळत नाहीत, चालू असलेलं काम चालू ठेवतात. मावशींचं म्हणणं शब्दश: खरं होतं. इडली-डोशाचं पीठ वाटायच्या वेट ग्राइंडरचं मोटरवरचं झाकण काढलं, तर आत वाळलेल्या पिठाचा थर आणि त्यावर सगळ्या वयाची झुरळं. स्टीलच्या टेबलांचे पाय पोकळ पाइपचे, खालच्या प्लॅस्टिकच्या टोप्या कधीच निघून गेलेल्या. पाइपाच्या तोंडाशी मिरपूड सांडल्यासारखी विष्ठा. शेगडीजवळच्या स्विचबोर्डच्या मागे. फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या पत्र्यामागे, जिथे ऊब चोवीस तास असते. आणि पोटमाळ्यावर, पार्सलला उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवलेल्या पुठ्ठ्यांच्या थप्पीत.

या प्रत्येक जागेजवळ पाणी होतं. ग्राइंडरखाली नळाची गळती, फ्रीजखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी साठायचा ट्रे, टेबलावर रात्रभर ओलं राहणारं फडकं. अन्नाशिवाय झुरळ बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय त्याचा टिकाव कमी. हॉटेलवाले रात्री ओटा पुसतात, उष्टं-खरकटं बाहेर काढतात, आणि नळ मात्र टपटपत राहतो.

दर महिन्याची फवारणी काय करत होती

इथे मला पेस्ट कंट्रोलच्या धंद्याबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. या धंद्यात जाणकार, मेहनती माणसं आहेत. पण पेठांतल्या छोट्या हॉटेलांना जी वार्षिक ठेक्याची सेवा स्वस्तात विकली जाते, तिच्यात रात्री अकराला एक मुलगा पाठीवर पंप लावून येतो, भिंतीच्या कडेने औषध मारतो, सही घेतो आणि पुढच्या हॉटेलात जातो. ना फ्रीज सरकत, ना ग्राइंडरचं झाकण निघत.

जर्मन झुरळाची मादी 30 ते 40 अंडी असलेली पिशवी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत पोटाशी धरून फिरते. त्या पिशवीच्या आत औषध सहसा पोचत नाही. अंडी धारण केलेली मादी लपूनच राहते, भिंतीच्या कडेला यायची शक्यताच कमी. भटारखान्यातल्या उबेत अंड्यापासून पुन्हा अंडी देणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा दोनेक महिन्यांत पूर्ण होतो. फवारणीने उघड्यावर फिरणारी मरतात, सकाळी केरसुणीत मेलेली झुरळं दिसतात, मालकाला वाटतं काम झालं. आतली पिढी तशीच राहते. शिवाय पायरेथ्रॉइड गटातली जी औषधं सर्रास फवारली जातात, त्यांना जर्मन झुरळ अनेक देशांत दाद देईनासं झालेलं आहे. वर त्यांचा गुण असा की ती झुरळांना बिथरवतात. जी ग्राइंडरमध्ये होती ती स्विचबोर्डात जातात, भिंतीपलीकडे शेजारच्या गाळ्यात जातात.

पावत्यांवर फक्त ‘पेस्ट कंट्रोल सेवा’ एवढंच लिहिलेलं होतं. औषध कोणतं, किती पाण्यात किती, कुठे मारलं, काहीच नाही. “वास इतका उग्र असायचा की सकाळी डोळे चुरचुरायचे,” आचारीकाका म्हणाले. फवारणीआधी भांडी झाकायला कुणी सांगितलं नव्हतं. भांडी उपडी घालून ठेवतात, तेवढंच. वासावरून औषध ओळखता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण एके काळी या कामात सर्रास वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस हे औषध भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, हे प्रत्येक हॉटेलमालकाला माहीत असलं पाहिजे. पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करायला कीटकनाशकांच्या नियमांखाली परवाना लागतो, तो मागून बघायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. या मालकांनी ठेकेदाराकडे दोन्ही गोष्टी मागितल्या: औषधाचं नाव आणि परवान्याची प्रत. उत्तर येईना. ठेका तिथेच संपला.

काय केलं, आणि कुठल्या क्रमाने

मालकांची घाई समजण्यासारखी होती. त्यांनी गवंडी बोलावलाही होता. सगळ्या फटी सिमेंटने बुजवायच्या आणि वरून जोरदार औषध मारायचं, असा बेत. मी हात जोडून थांबवलं. आत जिवंत वस्ती असताना फट बुजवली की झुरळं दुसरी वाट काढतात आणि मग ती कुठे आहेत हेही कळत नाही. आधी त्यांचं अन्नपाणी तोडायचं, मग आमिष, मग फटी.

त्यासाठी हॉटेल दोन दिवस बंद ठेवावं लागणार होतं. श्रावणात, गणपतीच्या तोंडावर, टिळक रोडपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या हॉटेलने दोन दिवस शटर खाली ठेवणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. मालक रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, “बंद ठेवतो. पाटीवर खरं कारण लिहू का?” मी म्हटलं, जरूर लिहा. त्यांनी ‘भटारखान्याच्या स्वच्छतेसाठी दोन दिवस बंद’ असं लिहिलं. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

त्या दोन दिवसांत प्रत्येक यंत्र भिंतीपासून ओढून काढलं. व्हॅक्यूम क्लीनरने झुरळं, पिल्लं, रिकाम्या अंडपिशव्या ओढून घेतल्या. औषधाशिवाय एवढी वस्ती कमी होते यावर आचारीकाकांचा विश्वास बसेना. ग्राइंडर पूर्ण उघडून धुतला. नळाचे वायसर बदलले. फ्रीजचं फाटकं रबर काढून नवं बसवलं. तेलाचा चिकट थर शेगडीमागून खरवडला. तो राहिला असता तर झुरळांनी आमिषाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पुठ्ठे रद्दीत गेले आणि यापुढे मंडईतून, मार्केट यार्डातून येणारा माल दाराशीच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये उतरवून खोकी बाहेरच्या बाहेर द्यायची, असं ठरलं.

मग नव्या ठेकेदाराच्या माणसाने जेल, म्हणजे औषध मिसळलेलं आमिष, लावलं. फ्रीजच्या पत्र्यामागे, टेबलाच्या पायांत, बिजागऱ्यांपाशी, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके, पुष्कळ ठिकाणी. मोठे गोळे नाहीत, कारण ते वाळतात. शेगडीच्या अगदी जवळही नाही. जेल खाल्लेलं झुरळ लपायच्या जागी जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि ते मेलेलं झुरळ बाकीची खातात, त्यामुळे बाहेर न येणाऱ्यांपर्यंतही औषध पोचतं. याला एकच पथ्य: जेल लावलेल्या जागी फवारणी करायची नाही, खडू ओढायचा नाही, फिनाइल मारायचं नाही. पोरांना हे पटवायला वेळ लागला. मेलेली झुरळं दिसली नाहीत की त्यांना काम झाल्यासारखं वाटत नव्हतं, आणि एकाने गुपचूप खडू ओढलाच. तो पुसून तिथलं जेल नव्याने लावावं लागलं.

चिकट सापळे क्रमांक घालून ठेवले आणि भिंतीवर भटारखान्याचा हाताने काढलेला नकाशा लावला. दर सोमवारी मावशी सापळे बघतात, त्यांचा नातू वहीत आकडे लिहितो. मोजण्याचं काम मावशींना द्यावं, ही सूचना आचारीकाकांची. गवंडी आला तो यानंतर, सापळ्यांवरचे आकडे उतरू लागल्यावर. फरशी आणि भिंतीचा सांधा, पाइप आत येतात तिथली भोकं, ओट्याखालचा निखळलेला कोबा त्याने भरून दिला. मोरीला नवा नहाणी ट्रॅप आणि जाळी बसली, ती मोठ्या गटारी झुरळांसाठी.

उंदरांचा प्रश्न वेगळा आणि तुलनेने सोपा निघाला. घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून येतो, आणि मागच्या दाराखालून अख्खा अंगठा जात होता. दाराला खालून पत्रा मारला, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर पुढे आली. आत विष ठेवू दिलं नाही. गोठणरोधक, म्हणजे रक्त गोठू न देणारं, विष खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो पोटमाळ्याच्या फळीखाली मेला तर दुर्गंधीचा नवा प्रश्न. पिंजरे लावले. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पहिले काही दिवस पिंजरे खाणं ठेवून उघडेच ठेवले.

सगळ्यात अवघड भाग पोटमाळ्यावरच्या मुलांचा होता. लातूर-नांदेडकडून आलेली पोरं, वळकटीशेजारी फरसाणाच्या पुड्या, ओले टॉवेल. झुरळं यांच्यामुळेच, असा सूर निघायला वेळ लागला नाही. मला तो अन्यायाचा वाटला आणि मी तसं बोलले. कोठी आणि झोपायची जागा एक ठेवायचा निर्णय त्यांचा नव्हता. मालकांनी दांडेकर पुलाच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. या सगळ्या खर्चात हा सर्वांत मोठा, आणि तो दर महिन्याचा.

उत्तर आणि फेरतपासणी

जर्मन झुरळाचा फेरा दोन महिन्यांचा आणि नोटिशीची मुदत त्याहून खूपच कमी. मुदतीत झुरळं संपली असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. म्हणून लेखी उत्तरात जे झालं ते आणि जे व्हायचं आहे ते तारखांसह मांडलं. आधीचे-नंतरचे फोटो, सापळ्यांचा नकाशा आणि वहीची प्रत, नव्या ठेकेदाराचा परवाना, औषधांची नावं, पुढच्या भेटींच्या तारखा, कामगारांचे नवे वैद्यकीय दाखले. फेरतपासणीला तेच अधिकारी आले. त्यांनी ग्राइंडरचं झाकण स्वतः काढायला लावलं, फ्रीजचं रबर बोटाने उलटून पाहिलं, वही चाळली. स्विचबोर्डामागच्या सापळ्यावर अजून काही पिल्लं होती. ती त्यांनी नोंदवली, उपाय चालू असल्याचंही नोंदवलं. नोटीस पूर्ततेवर बंद झाली. उसळीतल्या झुरळाबद्दलच्या दंडाचा विषय वेगळा आहे, तो चालू आहे. मालक तो भरायला तयार आहेत.

नव्या ठेक्यात पैसे फवारणीच्या फेऱ्यांवर नाहीत. ठेकेदाराने वही बघून जिथे आकडा वाढला तिथे काम करायचं, औषधाचं नाव आणि जागा पावतीवर लिहायची, आणि सलग दोन महिने एखाद्या सापळ्याचा आकडा वाढला तर जादा भेट विनामूल्य द्यायची, असं ठरलं आहे.

शेजारच्या भिंतीलगतच्या सापळ्याचा आकडा मात्र बाकीच्यांबरोबर उतरला नाही. मालकांनी वही घेऊन बेकरीवाल्या शेजाऱ्यांना दाखवली. सुरुवातीला ते रागावले, मग त्यांनी आपल्या फ्रीजचं रबर उलटून पाहिलं. आता दोन्ही गाळ्यांत एकाच दिवशी जेल लावायचं आणि खर्च निम्मा-निम्मा, असं ठरलं आहे. मधल्या भिंतीतून जाणाऱ्या जुन्या वायरिंगच्या नळीचं तोंड दोन्हीकडून बंद करायचं राहिलं आहे. त्यासाठी वायरमन गणपतीनंतरच मिळेल.